वर तेरा, खाली शून्य

प्रूफाच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने गोल काढून बाजूला लिहिलं होतं, ‘समीकरणाखाली जागा जास्त’. दुसऱ्या पानावर ‘वर कमी’. पाचव्या पानावर गोल आणि नुसतंच प्रश्नचिन्ह. पुढे मुद्रितशोधक काका लिहून कंटाळले असावेत, कारण तिथून शेवटपर्यंत फक्त गोल होते. ८४ पानं, ११२ गोल. मोजत बसायची काही गरज नव्हती, पण रागाच्या भरात माणूस असली कामं करतो.

राग यायचं कारण असं, की त्या फाइलमध्ये समीकरणांसाठी एकच परिच्छेद-स्टाइल, म्हणजे मांडणीचा ठरवून ठेवलेला साचा, होती आणि तिच्यात वर ९ पॉइंट, खाली ९ पॉइंट असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पॉइंट म्हणजे छपाईतलं बारीक माप. मी काकांना फोन लावला. “काका, आकडे सारखे आहेत हो. वर नऊ, खाली नऊ. स्क्रीनचा फोटो पाठवते.”

“मला आकडे नको दाखवूस,” ते म्हणाले. “पान उलटं धर आणि बघ.”

पान उलटं धरायची युक्ती जुनीच आहे. अक्षरं वाचता येईनाशी झाली की डोळा अर्थाच्या मागे लागत नाही, नुसतं काळं-पांढरं बघतो. मी धरलं. बहुतेक समीकरणं वरच्या ओळीला चिकटून आणि खालच्या ओळीपासून फटकून बसली होती. काही बरोबर मधोमध. काही उंच समीकरणांची गंमत उलटी, त्यांच्या वरच मोकळं मैदान. एकाच स्टाइलची पोरं, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही.

काम थोडक्यात सांगते. गणिताचं मराठी पुस्तक, मांडणी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल दुसऱ्या कुणीतरी अर्ध्यावर सोडलेली. मजकूर १२ पॉइंटात, दोन ओळींच्या पायारेषांमधलं (पायारेषा म्हणजे अक्षरं जिच्यावर उभी असतात ती अदृश्य रेघ) अंतर, म्हणजे लेडिंग, १८ पॉइंट. मराठीला एवढं लागतंच. वर वेलांटी-रफार, खाली उकार. स्वतंत्र ओळीतली समीकरणं वेगळ्या समीकरण-संपादकात बनवून पीडीएफ म्हणून आणलेली, आणि प्रत्येक पीडीएफ एका रिकाम्या परिच्छेदात अक्षरासारखी अँकर केलेली. पद्धत वाईट नाही. मजकूर सरकला की समीकरणही त्याच्याबरोबर सरकतं.

पहिला दिवस साफसफाईत गेला. लपलेली चिन्हं दाखवायला लावली तेव्हा दिसलं, की आधीच्या माणसाला जिथे जागा कमी वाटली तिथे त्याने सरळ एन्टर मारला होता. कुठे वर एक, कुठे खाली एक, एका ठिकाणी दोन, आणि दुसऱ्या एन्टरचा फॉन्ट ४ पॉइंट. म्हणजे अर्ध्या एन्टरचा शोध! त्याच्यावर हसले खरी, पण घाईच्या कामात मीही हे केलेलं आहे. शोध-बदल खिडकीत एकापाठोपाठ आलेले एन्टर एकावर आणायची तयार क्वेरी असते. ती चालवली आणि ३७ रिकामे परिच्छेद गेले. प्रत पुन्हा छापली. काकांचे गोल आठवून ताडून बघितलं, तर पंचविसेक जागा सुधारल्या होत्या आणि दहाएक जास्त बिघडल्या होत्या. त्या दहा ठिकाणी एन्टरने एक चूक दुसऱ्या चुकीखाली झाकली होती.

मग मी एक गोष्ट केली जी पहिल्या तासातच करायला हवी होती. समीकरणाच्या सगळ्या फ्रेमना, म्हणजे पीडीएफ ज्यात बसते त्या चौकटींना, फिकट गुलाबी रंग भरला आणि समीकरणाच्या परिच्छेदांना फिकट निळा पार्श्वरंग दिला. डोळ्याला जी जागा पांढरी दिसते तिचा मालक एक नसतो. ओळीचं लेडिंग असतं, परिच्छेदाची वरची-खालची जागा असते, फ्रेमच्या आतली मोकळी कड असते. सगळ्यांचा रंग पांढराच, त्यामुळे कोण कुठे संपतं हे कळत नाही. रंग दिल्यावर कळतं.

सगळ्यात आधी गुलाबी रंगाने चुगली केली. काही फ्रेममध्ये समीकरण काठोकाठ बसलं होतं, काहींमध्ये समीकरणाखाली ३-४ पॉइंटांची गुलाबी पट्टी शिल्लक. फ्रेम आशयाएवढी करायचा आदेश दिला तरी पट्टी जाईना, कारण ती पीडीएफच्याच आत होती. पीडीएफ आणताना ती कुठल्या चौकटीला कापायची हे विचारलं जातं. आशयाच्या घट्ट चौकटीला कापता येतं, किंवा अख्ख्या कागदाच्या मापाला. अर्धी समीकरणं एका पर्यायाने आणली होती, अर्धी दुसऱ्या. दोन बैठकांमधला फरक असावा. एक छोटी स्क्रिप्ट लिहून सगळी नव्याने, घट्ट चौकटीला कापून आणली. संध्याकाळ गेली, पण निदान ‘फ्रेमची कड म्हणजे शाईची कड’ एवढं नक्की झालं. त्याशिवाय पुढचं कुठलंही मोजमाप करण्यात अर्थ नव्हता.

उंच समीकरणांच्या वर मैदान का, याचं उत्तर निळ्या रंगात होतं. समीकरणाच्या परिच्छेदाला लेडिंग ‘ऑटो’ होतं. ते ठेवावंच लागतं. तिथे ठाम १८ लिहिलं तर ३० पॉइंट उंचीची फ्रेम खुशाल वरच्या ओळीच्या डोक्यावर चढते. पण ऑटो म्हणजे किती? मुळात १२० टक्के. अक्षरांसाठी हा आकडा ठीक आहे, १० पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंटची ओळ. पण इथे अक्षराच्या जागी फ्रेम आहे, आणि १२० टक्के त्या फ्रेमच्या उंचीचे धरले जातात. म्हणजे २० पॉइंट उंच समीकरणावर ४ पॉइंट फुकटचे, आणि ६० पॉइंट उंच मॅट्रिक्सवर १२ पॉइंट. जेवढं समीकरण मोठं तेवढी त्याच्या डोक्यावरची छत्री मोठी. परिच्छेदाच्या जस्टिफिकेशनच्या खिडकीत, जिथे सहसा कुणी फिरकत नाही, तिथे हा आकडा १०० करता येतो. केला. सगळी मैदानं एका झटक्यात बुजली.

इथे मला वाटलं की झालं. काकांना नवी प्रत पाठवून दिली.

परत आलेल्या प्रतीवर ४१ गोल होते आणि या वेळी बहुतेक सगळे खालच्या बाजूला. पान २३ वर तर दोन समीकरणं लागोपाठ होती, दिसायला जुळी, फक्त दुसऱ्यातल्या एका चलाला पादांक होता. पहिल्याखालची जागा बरी, दुसऱ्याखालची जवळपास दुप्पट. काकांनी दोन्हींमध्ये बाण काढून लिहिलं होतं, ‘सख्खं-सावत्र का?’

हे कोडं सोडवायला मला दीड दिवस लागला. गुन्हेगार समोरच होता पण मी त्याला चांगला माणूस समजत होते. बेसलाइन ग्रिड. पानावर आखलेल्या अदृश्य रेघा, इथे दर १८ पॉइंटांवर एक, आणि मजकुराची प्रत्येक ओळ रेघेवरच बसणार. त्यामुळे डाव्या-उजव्या पानांच्या ओळी एकमेकींच्या समोर येतात, कागदाच्या मागची छपाई ओळींच्या मागे लपते. मजकुराच्या पुस्तकाला ग्रिड म्हणजे शिस्त. मी दर पुस्तकाला ती लावतेच.

आता पान २३ चा हिशोब बघा. पहिल्या समीकरणाची फ्रेम १८ पॉइंट उंच. वरच्या ओळीच्या पायारेषेपासून मोजायचं: वरची जागा ९, फ्रेम १८, खालची जागा ९, पुढच्या ओळीचं लेडिंग १८. बेरीज ५४. अठरा त्रिक चोपन्न, पुढची ओळ बरोबर रेघेवर आली. दुसऱ्याची फ्रेम पादांकामुळे १९ पॉइंट. बेरीज ५५. चोपन्नची रेघ एका पॉइंटने हुकली, म्हणून ओळ पुढच्या रेघेवर, ७२ वर, जाऊन बसली. एका पॉइंटचा पादांक आणि खाली १७ पॉइंटांचा खड्डा. गाडी एका मिनिटाने चुकली की पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर बसा, तसंच.

समीकरणांच्या उंचीला काही धरबंध नसतो. वर्गमूळ आलं, अपूर्णांकात अपूर्णांक आला, घातांकावर घातांक चढला, की उंची दोन-तीन पॉइंटांनी इकडची तिकडे. त्यामुळे ग्रिड चालू असताना खालची जागा म्हणजे शुद्ध लॉटरी. यावर एक उपाय आहे आणि काही मांडणीकार तो निष्ठेने करतात. समीकरण आणि त्याच्या वरखालच्या जागा मिळून १८ ची पट होईल असा उरलेला भाग दोन्हीकडे वाटून टाकायचा. मी दहा समीकरणांवर करून पाहिलं. उरलेला भाग कधी २ पॉइंट यायचा, कधी १५. एका समीकरणाभोवती घट्ट कपडे, शेजारच्याभोवती झबलं. पानावर दोन समीकरणं असतील तर हे खपून जातं, सात असतील तर नाही.

मग गणिताची प्रकरणं ग्रिडमधून सोडवली. निर्णय जिवावर आला. पानाचा तळ सारखा राहावा म्हणून मजकुराच्या फ्रेमला उभं जस्टिफिकेशन, म्हणजे मजकूर वरपासून तळापर्यंत ताणून बसवायची सोय, दिलं आणि परिच्छेदांमधली जागा जास्तीत जास्त ४ पॉइंटांनी वाढू दे अशी मर्यादा घातली. बहुतेक पानं त्यात बसली. चार-पाच पानांवर ४ पॉइंट पुरले नाहीत आणि मग ओळींचं लेडिंगच ताणलं गेलं, ते फार वाईट दिसत होतं. तिथे तळाची एक ओळ कमी ठेवून गप्प बसले. समोरासमोरच्या ओळी जुळत नाहीत हे आजही माझ्या डोळ्यांत खुपतं. वाचकांपैकी कुणी आजवर बोललेलं नाही.

एवढं झाल्यावर सगळ्या समीकरणांखालची जागा सारखी झाली. सारखी, पण वरच्या जागेपेक्षा अजूनही जास्त. वर ९, खाली ९, आता मध्ये कुणी लबाडी करणारं उरलेलं नाही, तरी जास्त. शेवटी कागद घेऊन बसले, पारदर्शक पट्टी घेतली आणि एक समीकरण भिंगाखाली मोजलं.

लेडिंग १०० टक्के असताना, वरची जागा शून्य ठेवली तर फ्रेमची वरची कड कुठे येते? वरच्या ओळीच्या पायारेषेवर. पायारेषेवर, ओळीच्या तळाशी नव्हे. तिच्याखाली उकार लोंबतात, आमच्या फॉन्टमध्ये साधारण ४ पॉइंट. म्हणजे वर ९ लिहिले तर डोळ्याला मिळतात ५. आता खाली. फ्रेमची खालची कड समीकरणाच्या परिच्छेदाच्या पायारेषेवर. तिथून पुढच्या ओळीच्या पायारेषेपर्यंत १८ पॉइंट लेडिंग आधीच आहे, त्यात खालची जागा ९ मिळवली की २७. पुढच्या ओळीची अक्षरं पायारेषेपासून वर वेलांटीच्या टोकापर्यंत ११ पॉइंट. सत्तावीस वजा अकरा, सोळा. वर पाच, खाली सोळा! नऊ-नऊ लिहून. काका पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते.

लेडिंग हा शब्द शिशाच्या पट्ट्यांवरून आला. खिळे जुळवायच्या काळात दोन ओळींमध्ये खरोखरच शिशाची पट्टी सरकवत. समीकरणाच्या वरखाली किती पट्ट्या घालायच्या हे जुळाऱ्याची नजर ठरवायची. पट्टी हातात असायची आणि कुठे घातली हे दिसायचं. आता खिडकीतला आकडा दिसतो, तो कुठून कुठे मोजला जातो हे दिसत नाही.

सारखं दिसायला काय लिहावं लागेल, ते उलटं काढलं. डोळ्याला दोन्हीकडे ८ हवेत. वर ८ अधिक उकाराचे ४, म्हणजे १२. खाली ८ अधिक वेलांटीचे ११, म्हणजे १९. त्यातले १८ लेडिंग देतंच, उरला १. वर १२, खाली १. छापून बघितलं. फार सुधारलं होतं, तरीही खालची बाजू किंचित सैल. गणित बरोबर, डोळा नाराज.

इथे शिरोरेषेने मला शिकवलं. ओळीचा वरचा काठ म्हणून मी वेलांटीचं टोक धरलं होतं. पण वेलांट्या आणि मात्रा म्हणजे माळावरची चार झाडं. काठ म्हणून डोळा पकडतो ती अखंड आडवी रेघ, शिरोरेषा. ती पायारेषेपासून ८ पॉइंटांवर. म्हणजे खाली डोळ्याला ८ नव्हे, जवळपास ११ दिसत होते. ओळीच्या तळाला मात्र अशी रेघ नसते. तिथे अक्षरांच्या दांड्या असतात आणि मधूनमधून उकार, पण उकार नाहीत अशी मराठी ओळ शोधावीच लागेल, म्हणून ते मी पूर्ण धरले. खाली शून्य केलं. शून्याच्या खाली जाता येत नाही. वर एक पॉइंट वाढवला. वर १३, खाली ०. शिरोरेषेपर्यंत १०, उकारापर्यंत ९.

ही स्टाइल उघडून बघणाऱ्या कुणालाही ती चूक वाटणार. म्हणून स्टाइलच्या नावातच लिहून ठेवलं: ‘समीकरण – वर १३ खाली ० – बदलू नका’.

दरम्यान एका मित्राने सुचवलं की एखादं प्रकरण लाटेकमध्ये, म्हणजे गणितवाल्यांच्या आवडत्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये, टाकून बघ, ते हे कसं करतं. तो गणितातला, त्याचं आयुष्य लाटेकमध्ये गेलेलं. मला त्यातलं जुजबी येतं. झीलाटेक घेतलं, म्हणजे मराठी फॉन्ट सरळ चालतो, आणि पाच पानं टाकली. पहिल्याच झटक्यात समीकरणांच्या वर जास्तीची जागा. मित्र म्हणाला, “समीकरणाच्या आधी रिकामी ओळ सोडलीस ना? ती काढ.” लाटेकला रिकामी ओळ म्हणजे नवा परिच्छेद, मग समीकरणाआधी एक पोकळ ओळ तयार होते. तोच तो एन्टर, फक्त घर वेगळं.

मग समीकरणावरची जागा बदलायचा आकडा, अबव्हडिस्प्लेस्किप, दस्तऐवजाच्या सुरुवातीच्या सूचनांमध्ये लिहिला. काही होईना. ५० पॉइंट लिहिले, १०० लिहिले. ढिम्म. अर्ध्या तासाने समजलं की दस्तऐवज सुरू होताना मूळ अक्षरमाप लावणारा नॉर्मलसाइझ हा आदेश चालतो आणि तोच या जागा पुन्हा आपल्या मनाप्रमाणे भरतो. माझा आकडा सुरुवातीलाच पुसला जात होता. तो नॉर्मलसाइझच्या शेपटाला जोडावा लागतो.

पण त्या पाच पानांनी मला दोन गोष्टी दिल्या. पहिली, तिथे जागा हा एक आकडा नसून तीन असतात. लाटेकच्या १० पॉइंटच्या साध्या साच्यात समीकरणावर १० पॉइंट, गरज पडली तर २ ने वाढेल, नडलं तर ५ ने आक्रसेल. ताणायला थोडी सूट, दाबायला जास्त. माझं उभं जस्टिफिकेशन फक्त ताणू शकतं. टेकवाले (टेक म्हणजे लाटेकच्या पोटातलं मूळ सॉफ्टवेअर) पान दाबूनही एक ओळ बसवतात आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून नाराजीतून टेकचं काम सुरू केलं, त्यासाठी गणिताच्या जुन्या नियतकालिकांची पानं बारकाईने तपासली. गोल काढणारे काका प्रत्येक काळात असतात म्हणायचे.

दुसरी गोष्ट जास्त कामाची होती. लाटेक समीकरणावर दोन वेगळ्या जागा जाणतं. वरच्या परिच्छेदाची शेवटची ओळ लांब असेल तर पूर्ण जागा. ती ओळ इतकी आखूड असेल की मधोमध बसलेल्या समीकरणाच्या डाव्या कडेपर्यंत पोचतच नाही, तर वर शून्य पॉइंट, फार तर ३ ने वाढेल. त्यात त्या ओळीच्या पुढे दोन एम (एक एम म्हणजे साधारण अक्षरमापाएवढी रुंदी) इतकी मोकळीकही धरली जाते, म्हणजे जेमतेम न पोचणारी ओळ आखूड मानली जात नाही. कारण साधं आहे. आखूड ओळीनंतर समीकरणाच्या थेट वर काहीच नसतं, अख्खी ओळ मोकळी असते. त्यावर आणखी १३ पॉइंट दिले की समीकरण मजकुरापासून तुटल्यासारखं दिसतं.

मी माझी पानं चाळली आणि कपाळाला हात लावला. गणिताचं मराठी ‘म्हणून,’ ‘यावरून,’ ‘समजा,’ ‘परंतु’ यांनी भरलेलं असतं, आणि हे शब्द ओळीत एकटेच उभे असतात. काकांचे जे उरलेले नऊ-दहा गोल मला समजत नव्हते, ते सगळे ‘म्हणून’ नंतरचे होते! दुसरी स्टाइल बनवली, ‘समीकरण – आखूड ओळीनंतर’, वर २ पॉइंट, खाली ०. इनडिझाइन वरची ओळ किती लांब आहे हे बघून स्टाइल निवडत नाही. ते मी बघितलं, एकेक करून, ३१६ समीकरणं. दुपारभर ‘म्हणून’ शोधत होते. संध्याकाळी कुणी काही विचारलं की माझ्या तोंडून पहिला शब्द तोच यायचा.

ओळीतल्या समीकरणांबद्दल थोडं सांगते, कारण तिथे जागा आडवी असते आणि दुखणं वेगळं. ‘क्ष = ५’ असं मजकुरातच टाइप केलेलं असलं आणि परिच्छेद दोन्हीकडून जस्टिफाय असला, की बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंच्या साध्या स्पेस शब्दांमधल्या स्पेससारख्याच ताणल्या जातात. एका ओळीत समीकरण आटोपशीर, पुढच्या ओळीत हातपाय पसरलेलं. उपाय, ठरावीक रुंदीची स्पेस. टेकमध्ये एक एमचे १८ भाग मानतात. फलनाच्या नावानंतर ३, अधिक-उण्याच्या दोन्हीकडे ४, बरोबरच्या दोन्हीकडे ५. इनडिझाइनमध्ये षष्ठांश एमची स्पेस मिळते, ती म्हणजे बरोबर ३ भाग. चतुर्थांश एमची म्हणजे साडेचार भाग. ती मी अधिक, उणे आणि बरोबर या तिन्हींना वापरली. साडेचार आणि पाचमधला फरक काकांनाही दिसला नाही. समीकरण नको तिथे तुटू नये म्हणून त्यावर ‘तोडू नका’ हा गुण लावला. पण लांब समीकरणांना लावला नाही, नाहीतर त्याच्या आधीची ओळ शब्दांमधल्या भगदाडांनी भरते. तिथे बरोबरच्या चिन्हानंतर तुटलं तर तुटू दिलं.

आणि उणे. निम्म्या ठिकाणी उण्याच्या जागी संयोगचिन्ह होतं. ते बुटकं असतं आणि अधिकच्या आडव्या दांडीच्या रेषेत बसत नाही. बदलताना भान ठेवावं लागलं, कारण ‘७ उणे ३’ मधल्या उण्याच्या दोन्हीकडे स्पेस हवी आणि ‘उणे ३’ या संख्येतलं उणे तिनाला चिकटून हवं. बरोबरच्या किंवा कंसाच्या लगेच पुढे आलेलं उणे चिकटवायचं, एवढ्या एका नियमाने बहुतेक निभावलं.

ओळीत आणलेल्या अपूर्णांकांच्या फ्रेम हे शेवटचं प्रकरण. त्यांचा तळ पायारेषेवर बसतो, म्हणून अपूर्णांकाची रेघ उंच तरंगते. प्रत्येक फ्रेम खाली ओढावी लागते, आणि खाली ओढली की खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडते. वीसेक ठिकाणी ओढल्या. मग लेखक सरांना फोन करून विचारलं, की ओळीतले अपूर्णांक तिरप्या रेघेने लिहिले तर चालतील का. सर म्हणाले, “मी हस्तलिखितात तसेच लिहिले होते. तुमच्याकडे कुणीतरी उभे केले.”

तिसऱ्या प्रतीवर काकांचे चार गोल आले. तीन रास्त होते. चौथा पानाच्या अगदी वर आलेल्या समीकरणावर होता, ‘इथे वर जागा नाही’. फ्रेमच्या माथ्यावर आलेल्या परिच्छेदाची वरची जागा इनडिझाइन धरतच नाही. बहुतेक वेळा ते बरंच असतं, पण पानाच्या डोक्यावर समीकरण येणं हेच मला आवडत नाही. ज्या वाक्यातून ते निघालं ते मागच्या पानावर राहतं. टेक मुळातच समीकरणाच्या लगेच आधी पान तुटू देत नाही, तिथली शिक्षा १०००० ठेवलेली असते आणि १०००० म्हणजे मनाई. मी समीकरणाच्या स्टाइलला ‘मागच्या परिच्छेदाबरोबर राहा’ लावलं. एक समीकरण आणि त्याच्या आधीच्या दोन ओळी मिळून पुढच्या पानावर गेल्या, मागच्या पानाचा तळ ताणला गेला, तो हाताने सावरला.

काकांनी सही केली. फाइल बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला, एकच छोटी दुरुस्ती आहे, पान ६१ वर ‘म्हणून,’ याऐवजी ‘म्हणून वरील दोन्ही समीकरणांची बेरीज करून आपल्याला असे मिळते:’ असं करा.

ओळ लांब झाली. ‘आखूड ओळीनंतर’ ही स्टाइल काढून ‘वर १३ खाली ०’ लावली. पान ११ पॉइंटांनी वाढलं आणि शेवटची ओळ पान ६२ वर गेली. पान ६२ ची शेवटची ओळ ६३ वर. मी काकांना फोन लावला आणि म्हटलं, “काका, लाल पेन ठेवून दिलंत का?”